तिसऱ्या हंगामातली रायफल

टेक्सासमधल्या प्लेनोत किंवा फ्रिस्कोत कुणाकडे जेवायला गेलो की आमटीची दुसरी वाटी मागायच्या आत कुणीतरी म्हणतंच, "अरे, ती हरणाची सांग ना!" मग मी सांगतो. मला आग्रह लागत नाही. खरं म्हणजे कुणी विचारायलाही लागत नाही. पहिल्या दिवाळीला हरीण चारशे यार्डांवर उभं होतं. संक्रांतीपर्यंत ते सातशेवर गेलं. गेल्या गणपतीत मी टेक्सासमध्ये आडवा होतो आणि हरीण बहुधा ओक्लाहोमात चरत होतं. गोळी सुटल्यावर मी थर्मासमधला चहा ओतून घेतला, निम्मा प्यायलो, आणि मग ते पडलं. पुरुषमंडळी मनात यार्डांचे मीटर करतात, बायका हसतात, पोरं फोनमधून डोकं वर काढून "नो वे!" म्हणतात.

ज्या एका माणसासमोर ही गोष्ट सांगायची माझी छाती होणार नाही, ते त्या दिवशी माझ्या शेजारीच पालथे पडले होते. म्हणून एकदा खरी लिहून काढतो. खरी म्हणजे माझ्या मानाने खरी.

आमच्या शेजारी एक म्हातारे टेक्सन गृहस्थ राहायचे. विमानाचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात चाळीस वर्षं लेथवर घालवून निवृत्त झालेले. बायको वारलेली, मुलगी लांब ऑरेगनमध्ये. माझी बायको पहिल्याच दिवाळीला फराळाचं ताट घेऊन गेली आणि त्यांना 'काका' म्हणून आली. काका हा आपल्याकडे कर्नलसारखा काहीतरी हुद्दा असावा अशी त्यांची समजूत झाली असणार, कारण पुढे ते फोनवरसुद्धा "काका बोलतोय" असं भारदस्तपणे सांगायचे. चकली त्यांना इतकी आवडली, की एक चकली मापून त्यांनी गॅरेजमध्ये हुबेहूब स्टीलची बनवली. ती आमच्याकडे कागदांवर ठेवायला आहे. आजवर दोन पाहुण्यांनी ती चावून पाहिलीय. एकाचा दात अजून केस लढवतोय.

काका दर नोव्हेंबरात पश्चिम टेक्सासमधल्या एका मित्राच्या रँचवर हरणाच्या शिकारीला जायचे. नेम धरणारे पुष्कळ असतात. काका वारा वाचायचे. लांब पल्ल्याला गोळी जाते तेव्हा वारा तिला वाटेत ढकलतो. चारशे यार्डांवर साधी झुळूकसुद्धा गोळी वीतभर सरकवते, आणि वीतभर सरकलेली गोळी म्हणजे जखमी होऊन पळालेलं हरीण. ते काकांना खपायचं नाही. समोरच्या उतारावरचं गवत, मधल्या ओढ्यातली झुडपं, दगडांवरून थरथरणारी हवा, हे सगळं बघून ते सांगायचे, की वारा इथे एवढा, तिथे तेवढा, आणि ओढ्यात चक्क उलटा. आपण पेपर वाचतो तसे.

चार-पाच वर्षांपूर्वी मार्चमध्ये त्यांनी मला गॅरेजमध्ये बोलावलं, स्टुलावर बसवलं आणि प्रस्तावना न करता म्हणाले, "पोरा, माझा डावा डोळा गेला. मधोमध भोक पडलंय. ज्याच्याकडे बघावं तेवढं सोडून बाकी सगळं दिसतं. उजव्यालाही सुरुवात झालीय. डॉक्टरीणबाई म्हणतात, दोन हंगाम. त्यापुढचं त्या बोलत नाहीत."

मी काहीतरी वाईट वाटल्याचं पुटपुटलो.

"ते राहू दे. त्या रँचच्या डोंगरावरचा वारा मी कुणाला शिकवला नाही. मुलीला नको होता, बरोबरीचे शिकारी मेले. तू बडबडतोस फार, पण बघतोस नीट. येत्या नोव्हेंबरात चल माझ्याबरोबर. मला जे दिसतंय ते तुलाही दिसत असलं, तरच हे शिकवता येतं. नंतर नाही."

"पण काका, माझ्याकडे रायफल कुठाय?"

"दुकानातून घे कुठलीही. चारशे यार्डांपर्यंत हल्ली कुठलीही चालते."

कुठलीही! हा शब्द त्यांनी एका पुणेकरासमोर उच्चारला. आमच्या घरी मिक्सर घ्यायला अकरा महिने लागले होते. तोवर आई पाट्यावर वाटत होती आणि वडील माहितीपत्रकं. शिवाय गेली पंधरा वर्षं मी पोटासाठी जे करतो ते हेच: कंपन्यांना कुठलं सॉफ्टवेअर घ्यावं ते निवडून देतो. रकाने पाडतो, गुण देतो, गुणांना वजन देतो, आणि शेवटी कंपनीच्या साहेबाला जे आधीपासून हवं होतं तेच पहिलं येईल असं बघतो. असा माणूस 'कुठलीही' घेईल?

"काका," मी म्हणालो, "घ्यायची तर एकदाच आणि बेस्ट. आपण कस्टम बनवू."

त्यांचे डोळे चमकले, हे कबूल केलं पाहिजे. कारागीर माणूस. एक खण ओढून त्यांनी तेलकट फडक्यात गुंडाळलेली जुनी अ‍ॅक्शन काढली. अ‍ॅक्शन म्हणजे रायफलीचं काळीज, ज्या पोलादी घरात बोल्ट मागेपुढे सरकतो ते. "ही घे. बॅरल तू आण, बसवतो मी. मात्र लवकर."

'लवकर' मी ऐकलं. खोटं कशाला बोलू, चांगलं स्वच्छ ऐकलं.

घरी येऊन मी एक्सेल उघडलं. बॅरल, म्हणजे नळी, चोवीस इंची की सव्वीस? अख्ख्या पोलादाची की कार्बन गुंडाळलेली? आतले आटे किती इंचांत एक फेरा घेणारे? ट्रिगर किती दाबाला सुटावा? दस्ता अक्रोडाचा की फायबरचा? मेपर्यंत त्या शीटला एकेचाळीस रकाने झाले होते, आणि ती उघडली की लॅपटॉपचा पंखा असा फिरायचा, की शेजारपाजारचे लोक हेलिकॉप्टर आलं म्हणून बाहेर यायचे. व्हॉट्सअ‍ॅपवर 'बॅरल समिती' नावाचा ग्रुप काढला. सात सभासद, सगळे आयटीतले. त्यातले चौघे शाकाहारी, एकाला लवंगी फटाक्याची भीती, आणि खरी बंदूक जवळून बघितलेला एकही नाही. पण मतं! अल्फारेटातला माझा कॉलेजचा मित्र तर रोज एक व्हिडिओ पाठवायचा. "अरे यार, चोवीस घेऊन नंतर पस्तावशील. सव्वीसच घे." दुसऱ्या दिवशी: "अरे, सव्वीस कॅन्सल कर. गाडीत मावणार नाही."

"हरीण कधी आणतोस?" माझी नागपूरकर बायको विचारायची. "माझा मसाला कुटून तयार आहे."

"आधी बॅरल फायनल होऊ दे."

"हरणाला कळवलंयस ना, थांब म्हणून?"

मी बॅरलची ऑर्डर दिली, बदलली, पुन्हा बदलली. पहिल्या वर्षीचा नोव्हेंबर आला तेव्हा बॅरल अजून कारखान्यात रांगेत होती. काका कुंपणापाशी आले. "माझ्याकडे जास्तीची एक रायफल आहे. तीस वर्षांची आहे, पण सरळ मारते. ती घे आणि चल."

आणि मी, शहाणा, म्हणालो, "नको काका. एका रायफलची सवय लागली की दुसरीवर नवी करावी लागते. पुढच्या वर्षी आपल्याच रायफलीने करू."

ते माझ्याकडे जरा वेळ बघत राहिले. आता कळतं, ते माझ्याकडे बघत नव्हते. माझ्या कानाशेजारी बघून मला डोळ्याच्या कडेने पकडत होते. मग एकटेच गेले. परत आल्यावर बायकोच्या हातात मांसाचं पार्सल दिलं आणि मला म्हणाले, "वारा सुंदर होता. तीन दिवस, तीन प्रकारचा." एवढंच.

बॅरल आली दुसऱ्या वर्षीच्या एप्रिलात. काकांनी ती लेथवर चढवली. बॅरलच्या मागच्या टोकाला काडतूस बसायची जागा कोरावी लागते, आणि ती केसाच्याही बारीक हिश्शाने चुकून चालत नाही. काकांनी मला डायलसमोर उभं केलं.

"आकडा मोठ्याने वाच."

मी वाचायचो, ते चाक फिरवायचे. "पुन्हा वाच." मी पुन्हा वाचायचो. तीन शनिवार असे गेले. मी समितीला फोटो टाकले, खाली लिहिलं, 'उस्तादांच्या हाताखाली'. ते मला शिकवतायत असं वाटत होतं. अक्षरशः कॉलर ताठ करून आकडे वाचत होतो मी. ज्या माणसाने चाळीस वर्षं स्वतःचा आकडा दुसऱ्या कुणाला वाचू दिला नसेल, तो माझ्यासारख्याला डायलसमोर का उभा करतोय, हा प्रश्न एकेचाळीस रकान्यांच्या डोक्याला पडला नाही.

त्यानंतर दस्ता. अक्रोडाचं लाकूड दिसायला देखणं, पण दमट हवेत फुगतं म्हणे. फायबर निर्धास्त, पण बघून भूक लागत नाही. यात उन्हाळा गेला. प्लेनोचा उन्हाळा, त्या वर्षी तर असा, की गाडीच्या बॉनेटवर पापड वाळले, भाजले आणि स्वतःहून ताटात येऊन बसले. दस्ता अक्रोडाचाच ठरला. राहिली दुर्बीण, रायफलीवरची. जी हवी होती ती थँक्सगिव्हिंगच्या सेलमध्ये येणार असं समितीचं ठाम म्हणणं पडलं, आणि काकांची रँचवरची फेरी असायची त्याच्याच आधी. सेलला आठ दिवस उरले असताना पूर्ण किमतीला घ्यायची? समिती मला वाळीत टाकती. मी काकांना म्हणालो, "पुढच्या वर्षी एकदम सगळं रेडी!"

"बरं," काका म्हणाले.

त्या वर्षी ते रँचवर गेलेच नाहीत. गुडघा दुखतोय म्हणाले. मी त्यांना गुडघ्याचा एक पट्टा नेऊन दिला, तोही चार पट्ट्यांची तुलना करून.

तिसऱ्या वर्षी सप्टेंबरात रायफल पूर्ण झाली. आता इथे मला फुगवून सांगायची गरज नाही. मी आयुष्यात इतकी देखणी वस्तू हातात धरलेली नाही. अक्रोडावरच्या रेषा नदीसारख्या, बोल्ट ओढला की लोण्यातून सुरी गेल्यासारखा आवाज. रेंजवर शंभर यार्डांवरून मारलेल्या तीन गोळ्यांची भोकं एका नाण्याखाली झाकायची. समितीत दिवसभर टाळ्यांचे इमोजी वाजत होते.

आणि मग खंडेनवमी आली. इतकी वर्षं आम्ही लॅपटॉप, कारची किल्ली आणि भाजी चिरायची सुरी मांडून शस्त्रपूजा उरकायचो. यंदा घरात खरोखरचं शस्त्र! बायको म्हणाली, नीट करू. रायफल रिकामी, बोल्ट उघडा, पाटावर आडवी, झेंडूच्या फुलांत. हळद, कुंकू, अक्षता. मुलगी म्हणाली, "बाबा, इज धिस इव्हन सेफ?" मी म्हणालो, "अगं, देवासमोर आहे." आणि भक्तीच्या भरात मी अंमळ सढळ हाताने कुंकू वाहिलं. उघड्या अ‍ॅक्शनवर. त्यावर नारळाच्या पाण्याचे चार थेंबही.

दसऱ्याला सकाळी बोल्ट ओढला तर खर्र! लोणी गेलं, वाळू आली. हजारो रायफली बनत असतील या देशात, पण हळदकुंकवाने जाम झालेली ही पहिलीच असणार. मी तशीच ती काखेत मारून काकांकडे पळालो.

काकांनी बोल्ट काढला. खिडकीकडे तोंड करून बसले आणि नुसत्या बोटांनी चाचपत सगळं सुटं केलं. "कसली रेती घातलीस ही?"

"पूजा केली, काका. हत्याराची. वर्षातून एकदा आम्ही..."

"चांगली प्रथा आहे," ते म्हणाले. "पण पुढच्या वेळी दस्त्याची करा." आणि त्यांनी नाक खाजवलं.

नाकाचा शेंडा लालभडक झाला. गालावर पिवळा पट्टा. कपाळावरचा घाम पुसला तर तिथे आडवा मळवट. मी हसायला लागलो; म्हटलं आता हे हात बघतील आणि शिव्या देतील. त्यांनी हात चिंधीला पुसले, पुन्हा चेहऱ्यावरून फिरवले. सगळी बोटं कुंकवाने माखलेली, आणि ते त्या बोटांनी शांतपणे स्प्रिंग पुसतायत.

"काका," मी म्हणालो, "तुमच्या हाताला रंग लागलाय."

"हो?" त्यांनी हात वर धरला, समोरून बघितला, मग बाजूला नेला, मान तिरकी करून बघितला. "कुठला रंग?"

माझं हसू कुठल्या कुठे गेलं. "लाल. किती दिवस झाले, काका?"

"उजवा गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात गेला. त्याआधी वर्षभर धूसर होताच."

"म्हणजे लेथवर..."

"तू आकडे चांगले वाचलेस," ते म्हणाले. "एकही चुकला नाहीस."

मी त्यांना चेहरा पुसायला ओला रुमाल दिला. नोव्हेंबरात रँचवर जायचं का, हे मी विचारायच्या आत त्यांनीच विचारलं, "गाडी तू चालवशील ना?"

सात तास मी गाडी चालवली. वाटेत ते वळणं सांगत होते, आणि मी पाट्या वाचून ती बरोबर असल्याचं सांगत होतो. पहाट उलटून चांगलं उजाडल्यावर आम्ही कड्यावर पालथे पडलो. समोर सुका ओढा, पलीकडे पिवळ्या गवताचा उतार. आठच्या सुमाराला उतारावर नर आला. शिंगं मोठी, चालणं निवांत. मी अंतर मापलं: चारशे तीस यार्ड.

"वारा?" मी कुजबुजलो. सवयीने. जसं काही ते सांगणार होते.

"माझ्या गालावर डावीकडून आहे," काका म्हणाले. "पण गोळी माझ्या गालावरून जायची नाही. ओढ्यातलं गवत काय करतंय?"

मी दुर्बिणीतून बघितलं. त्या दुर्बिणीतून मुंगीच्या मिशा मोजता आल्या असत्या. गवत दिसत होतं, एकेक काडी दिसत होती. "हलतंय."

"हलतंय हे मला माहीत आहे. कसं? लवून परत उठतंय, की लवलेलंच राहतंय? टोकं थरथरतायत की बुडापासून वाकतंय?"

"दोन्ही. म्हणजे... काही असं, काही तसं."

"ओढ्याच्या अलीकडचं आणि पलीकडचं एकाच बाजूला?"

मला सांगता येईना. फोनमध्ये गणित करणारं अ‍ॅप होतं. सगळं भरून तयार, गोळीचं वजन, वेग, हवेचा दाब. फक्त एक चौकोन रिकामा होता, वाऱ्याचा. तो भरा म्हणून टिमटिमत होता. काका डोळे त्या उताराकडे लावून होते, आणि उतारावर त्यांच्यासाठी, नेमकं जिथे बघायचं तिथे, काही नव्हतं.

मी बोट ट्रिगरवरून काढलं. नर दोनेक मिनिटं चरला, मान वर केली आणि उतार चढून पलीकडे दिसेनासा झाला.

"गेला," मी म्हणालो.

"मारला नाहीस ते बरं केलंस." मग काही वेळाने, रायफलच्या दस्त्यावर हात ठेवून, "फार चांगली झालीय ही. फारच. दोन वर्षांपूर्वी एखादी भिकार आणली असतीस..." पुढचं त्यांनी गिळलं. मी थर्मासमधला चहा ओतून त्यांच्या हातात दिला.

उन्हं वर आल्यावर तेच उठून बसले. "बोल्ट काढ, माझ्या खिशात दे, म्हणजे रायफल सुटायची नाही. आणि मला ओढ्यात उतरव."

"कशाला, काका?"

"तू वरून बघ. मी खालून सांगतो."

मी त्यांना हाताला धरून खाली नेलं. अर्धा तास लागला. गुडघ्याचं दुखणं खरंही होतं. ओढ्यातल्या कमरेइतक्या गवतात त्यांना उभं केलं, एक वॉकीटॉकी त्यांच्या हातात दिली आणि धापा टाकत कड्यावर परत आलो. काकांची मोठी दुर्बीण तिवईवर लावली. गवतात पांढरी हॅट दिसत होती.

"आता उजव्या कानावर आहे," वॉकीटॉकीतून आवाज आला. "ताशी पाच मैल असेल. गवत कसं दिसतंय?"

"टोकं हलतायत. बुडं स्थिर."

"ते पाच. लक्षात ठेव. थांब... आता वाढला. आठ. बघ."

"अर्ध्यातून वाकतंय आणि उठतंय."

"ते आठ. आता पलीकडच्या उतारावरचं बघ. माझ्याइथलंच करतंय का?"

"नाही! तिकडे उलटं वाकलंय!"

"हां," काका म्हणाले, आणि त्या एका 'हां'मध्ये मला पहिल्यांदा त्यांचा आवाज मोकळा ऐकू आला. "तीच ती जागा. तिथेच सगळे चुकतात."

असं तासभर चाललं. मी बघून सांगायचो, ते अंगावर घेऊन सांगायचे. चार गोष्टी मला नक्की कळल्या. एकूण किती असतील, मी विचारलं. "तीसेक," ते म्हणाले, "पण त्यातल्या पुष्कळ बघूनच कळायच्या. खालून मला सांगता नाही येत." मग वारा पडला. गवत सरळ उभं राहिलं, आणि ओढ्यात काहीच हलेना.

"थांब, येईल," काका म्हणाले.

आम्ही थांबलो. ऊन तापलं. वारा आला नाही. "चला, न्यायला ये आता," ते म्हणाले. "मी इथे आहे, दिसतोय ना?" आणि कुठे आहेत ते कळावं म्हणून त्यांनी हॅट काढून डोक्यावर धरली आणि जोरजोरात हलवायला लागले.

मी दुर्बिणीतून बघत होतो. त्यांचं तोंड माझ्याकडे नव्हतं. माझ्या डावीकडच्या, रिकाम्या टेकडीकडे बघत ते हॅट हलवत होते.

"दिसताय, काका," मी वॉकीटॉकीत म्हणालो. "स्पष्ट दिसताय. आलोच." आणि उतार उतरायला लागलो.